नऊ घरं आणि एक खोडरबर

मावशींच्या दाराला रविवारी दुपारी साडेतीनला कडी लागते. साडेतीन म्हणजे साडेतीन. माझ्या पहिल्याच रविवारी मी दिल्लीतल्या मुनिरक्याहून मेट्रोनं नोएडाला आले, ई-रिक्षावाल्यानं भलत्याच सेक्टरात नेऊन सोडलं, आणि मी घंटी वाजवली तेव्हा तीन चौतीस झाले होते. आतून आवाज आला, "कोण?" मी नाव सांगितलं. "पुढच्या रविवारी या," आवाज म्हणाला. मला वाटलं, चेष्टा असेल. चेष्टा नव्हती. माझी रूममेट ज्योती माझ्याआधी येऊन आत बसली होती आणि खोलीची किल्ली तिच्याकडे, त्यामुळे मला परतही जाता येईना. तीन तास मी जिन्यात बसून आतलं हसणं आणि फाशांचा खडखडाट ऐकला. साडेसहाला कडी निघाली, मावशींनी मला आत घेऊन चहा दिला आणि विचारलं, "ऐकू येत होतं ना नीट?"

ही बाई साधी नाही हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. आज इतकी वर्षं झाली, अजूनही त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ होते.

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. त्या सगळ्यांच्याच मावशी. मूळच्या सांगलीकडच्या, पण अख्खी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, आणि त्यातली बहुतेक वर्षं विभागीय चौकशीच्या फाइलींवर. कोणा कर्मचाऱ्यानं काही केलं की त्याची चार्जशीट, त्याचं उत्तर, साक्षी, शेरे, सगळं मावशींच्या टेबलावरून जायचं. निवृत्त झाल्यावर नोएडात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. सुती साडी, दोरीला लटकवलेला चष्मा, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. अशा बाईच्या घरी लोक रविवारी सत्यनारायणाला जमतील असं कोणालाही वाटेल. आम्ही जमायचो ते राक्षस मारायला.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक जण गोष्ट सांगतो: पुढे जंगल आहे, पलीकडे पूल आहे, पुलावर कोणीतरी उभं आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं ते फाशांवर. एवढंच. पण प्रत्येक पात्राची एक वृत्ती कागदावर आधीच लिहून द्यावी लागते. तिची नऊ घरं असतात. तुमचा माणूस नियमानं चालणारा, मनाला येईल तसं वागणारा की मधला. आणि भला, बुरा की मधला. तीन त्रिक नऊ. भांडणं सगळी इथून सुरू होतात, कारण एकाच टोळीत एक शपथेवर जगणारा असतो आणि एक खिसेकापू, आणि दोघांना एकाच वाटेनं जायचं असतं.

मावशी या खेळात कशा आल्या तीही एक कथाच आहे. वरच्या मजल्यावर बन्सल नावाचा सॉफ्टवेअरवाला राहतो. तो मित्रांना जमवून हा खेळ खेळायचा आणि आरडाओरडा इतका, की मावशी तक्रार करायला वर गेल्या. गेल्या त्या तिथेच बसल्या. दोन तास बघितलं. उठताना म्हणाल्या, "बेटा, तुम्हारे खेल में सब कुछ है, कार्यपद्धती नहीं है." पुढच्या महिन्यात खेळ खाली आला आणि गोष्ट मावशी सांगायला लागल्या. बन्सल अजून म्हणतो की आपलं टेबल कधी आणि कसं ताब्यातून गेलं ते त्याला कळलंच नाही.

चिवडा मिळतो, पण चमच्यानं खायचा, कागदाला तेलकट बोट लागता कामा नये. फासे हळदी-कुंकवाच्या जुन्या पितळी करंड्यात असतात, आणि मावशींनी करंड्यावर झाकण ठेवलं की खेळ थांबला. आणि रजिस्टरं. मावशींच्या जगात गावाच्या वेशीवर पहारेकरी असतो आणि त्याच्यापुढे रजिस्टर असतं. ज्यानं त्यानं आपली सही आपण केल्याशिवाय आत प्रवेश नाही. एकदा तर राक्षसाच्या गुहेबाहेर आवक-जावक वही निघाली. अमोल म्हणाला, "मावशी, राक्षसाला वही कशाला?" अमोल म्हणजे आमचा चौथा गडी, कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राच्या अतिथिगृहात नोकरीला, रोज येणारे-जाणारे साहेब सांभाळून कंटाळलेला. मावशी म्हणाल्या, "राक्षस आहे, अव्यवस्थित नाही."

पण ज्या गोष्टीनं मी गार पडले ती म्हणजे पेन्सिल. पात्राचं नाव, ताकद, तलवार, घोडा, सगळं पेनानं लिहायचं. वृत्ती मात्र पेन्सिलीनं. आणि खेळ संपला की प्रत्येकानं इतर तिघांच्या पात्रांवर एकेक चिठ्ठी लिहायची: आज मला हा माणूस कुठल्या घरातला दिसला. स्वतःबद्दल लिहायचं नाही. चिठ्ठ्या तुमच्या कागदाशी जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर मावशी खोडरबर तुमच्यापुढे सरकवायच्या. कडा काळ्या पडलेलं, अर्ध्यावर आलेलं खोडरबर. आपल्या हातानं आपला 'भला' खोडायचा. मी सांगते, भल्याभल्यांना ते जड जातं.

बन्सलच्या मांत्रिकानं 'नियमानं चालणारा, भला' असं ठसठशीत लिहिलं होतं आणि पहिल्याच संकटात सगळ्यांना पेटत्या धर्मशाळेत सोडून तो खिडकीतून पळाला. त्याला तीन चिठ्ठ्या आल्या: 'मधला', 'बुरा' आणि 'बन्सल'. मावशींनी तिसरीसुद्धा वैध धरली.

"मी फाइली वाचल्या आयुष्यभर," त्या म्हणायच्या. "चार्जशीटच्या उत्तरात 'मी वाईट आहे' असं लिहिणारा एकही माणूस मला भेटला नाही. त्यामुळे स्वतःचं घर स्वतः भरण्याला काही अर्थ नाही." आणि कोणी अंग झटकत म्हणालं, मी काय करणार, माझं पात्रच तसं आहे, तर चष्म्यावरून बघत विचारायच्या, "पात्रानं कुठं सही केलीय? सही तुझी आहे."

टेबलाला पाच खुर्च्या होत्या. खेळणारे आम्ही चार, मावशी स्वतः स्टुलावर. पाचवी खुर्ची फ्रिजजवळची, कायम रिकामी, पण तिच्यासमोरही चिवड्याची वाटी आणि चमचा मांडलेला असायचा. अमोलनं एकदा तिच्यावर बॅग ठेवली. मावशींनी ती उचलून जमिनीवर ठेवली. कोणाची खुर्ची हे विचारायची आमची प्राज्ञा नव्हती.

आता ज्योतीबद्दल. ज्योती फौजीची मुलगी, गाव साताऱ्याजवळ, वाढली दिल्ली कॅन्टमध्ये. मराठी बोलते, पण मधेच शब्द हरवतो आणि तिथं हिंदी येते. तिचं कॉलेज मुनिरक्याला जवळ आणि माझं ऑफिस नोएडात, मालिकांच्या भाषांतराचं. मुनिरक्याच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली दोघींत. मी बडबडी, ती अबोल. मला ओळखी करायला आवडतात, कोणाचंही काम अंगावर घ्यायला आवडतं. तिला यादी करून ती पूर्ण करायला आवडतं. झकास जमलं होतं आमचं. निदान मला तसं वाटायचं.

खेळात मी सरदार भानुमती. शपथेवर जगणारी, नियमानं चालणारी, भली. ज्योतीची चिमणी, चोर. वृत्ती: मधली, मधली. "इतना काफी है," ती म्हणाली होती.

त्या रविवारी आमची टोळी तापाचं औषध घेऊन एका गावाकडे निघाली होती. शत्रूचा मुलूख, म्हणून अंधारात चालायचं आणि दिवसा लपून झोपायचं. पुलावर शत्रूचा एक पहारेकरी आमच्या हाती लागला. त्यानं भाला टाकला, हात जोडले. भानुमतीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला अभय दिलं. मी ते इतकं छान बोलले की अमोलनं टाळी वाजवली. मग मावशींनी विचारलं, "दुपार झाली. सगळे झोपतात. पहारा कोणाचा?"

"माझा," ज्योती म्हणाली. टोळीचा पहारा नेहमी तीच द्यायची.

"पहारेकरी दोरानं बांधलेला आहे. तो दोर घासतोय. काय करतेस?"

ज्योती म्हणाली, "त्याला नदीत ढकलते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अभय दिलेला माणूस. मी म्हणाले, भानुमती जागी होते आणि चिमणीला कापते. ज्योती म्हणाली, काप. मी म्हणाले, खेळातलं बोलत नाहीये मी आता, तू असं करूच कसं शकतेस. ती म्हणाली, मीही खेळातलं बोलत नाहीये. बन्सल म्हणाला, "यार, चिल." त्याच्याकडे आम्ही दोघींनी असं पाहिलं की तो चिवड्यात शिरला. मी करंड्याकडे हात नेला, आणि मावशींनी त्यावर झाकण ठेवलं.

"हे फाशानं सुटणारं प्रकरण नाही," त्या म्हणाल्या. "लेखी द्या."

आमच्या खेळाचा हा नियम मी ऐकला होता, पण माझ्यावर पाळी आली नव्हती. सरकारी चौकशीत आरोप असलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला एक सहकारी घेता येतो, त्याला डिफेन्स असिस्टंट म्हणतात. मावशींच्या टेबलावर तो कोण असावा हे ठरलेलं होतं: जो सर्वांत जास्त चिडलाय तो. "चिमणीचा बचाव तू लिहायचास," त्या मला म्हणाल्या. "ज्योती, तू भानुमतीचा. पुढच्या रविवारपर्यंत. अक्षर सुवाच्य."

"मैं नहीं आऊँगी मावशी," ज्योती म्हणाली. तिनं बॅग उचलली आणि गेली.

मुनिरक्याच्या खोलीत भांडण करून राहणं म्हणजे काय ते राहिलेल्यांनाच कळेल. दोन गाद्या टाकल्या की चालायला जागा नाही. तोंड फिरवायचं तर भिंत. सोमवारी ज्योती खोली बघायला गेली. मंगळवारी तिनं सांगितलं की कटवारियाला एक मिळतेय, पहिल्या तारखेला ती जाणार. एका खेळातल्या पहारेकऱ्यासाठी तीन वर्षांची मैत्रीण चालली होती आणि मला हसावं की रडावं ते कळेना. खरं सांगते, मी रडले. ऑफिसच्या बाथरूममध्ये, नळ सोडून.

पण अहंकार मोठा. बुधवारी मी बचाव लिहिला तो असा: चिमणी ही मुळात चोर असल्यामुळे तिच्याकडून विश्वासाची अपेक्षा करणं हीच चूक, सबब तिला माफ करावं. मला ते फार चुरचुरीत वाटलं. जेवणाच्या सुट्टीत ई-रिक्षा करून मी तो मसुदा मावशींना दाखवायला घेऊन गेले.

मावशींनी उभ्या उभ्या वाचला. लाल पेन्सिल घेतली आणि समासात दोन शब्द लिहिले: 'कृपया बोला.'

"म्हणजे?"

"आमच्या ऑफिसात साहेबाला फाइल पटली नाही की तो शेरा मारतो, प्लीज स्पीक. म्हणजे लिहिणं पुरे, समोर येऊन बोला."

"आलेय ना मी समोर. बोला तुम्ही."

"माझ्याशी नाही गं," मावशी म्हणाल्या. "जिच्याबद्दल लिहिलंयस तिच्याशी." आणि दार लावून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

गुरुवारी मी पहाटे साडेपाचचा गजर लावला, कारण ज्योती सात वाजता खोलीतून नाहीशी व्हायची. उठले तर तिची गादी रिकामी. मला वाटलं, गेली. मग जिन्यातून बादलीचा आवाज आला.

आमच्या गल्लीत पाणी पहाटे येतं, अर्धा तास. नळ खाली. ज्योती खालून बादल्या भरून आणत होती. आमच्या दोन. मग दुसऱ्या मजल्यावरच्या गुडघेदुखीवाल्या आंटींच्या दोन. मग वरच्या दोन नर्स मुलींच्या दोन, कारण त्या ड्यूटीवरून सातला येतात. आंटींना आणि त्या मुलींना, "काळजी करू नका, आम्ही भरून ठेवू" असं कोणी सांगितलं होतं? मी. कधी? दीड वर्षापूर्वी, जिन्यात, हसत हसत. त्यानंतर मी किती वेळा उठले होते? आज पहिल्यांदा.

मी तिच्या हातातली बादली घ्यायला गेले. तिनं दिली नाही.

"तो पळाला असता," ती म्हणाली. कोणाबद्दल ते सांगायची गरज नव्हती. "दोर तुटत होता. त्यानं त्याच्या लोकांना जाऊन सांगितलं असतं, आणि तुम्ही सगळे झोपलेले. मग कोणाचं नाव लागलं असतं? ज्याचा पहारा त्याचं."

"मला उठवायचंस ना."

"उठली असतीस?"

ज्योतीनं बादली पायरीवर ठेवली.

"बाबा म्हणतात, साहेब शब्द देतो, पहाऱ्यावरचा संत्री जागतो," ज्योती म्हणाली. "शब्द तू देतेस. लोक तुला किती मानतात. वो लड़की कितनी अच्छी है. आणि उठते मी. त्या दिवशी तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास ना, मला इतका राग आला. मला विचारलं पण नाहीस. पहारा माझा आहे हे तुला माहीतच होतं."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, पूर्ण गुण मिळाले होते. पस्तिशीच्या उंबरठ्यावर, मुनिरक्याच्या जिन्यात, तिचा अर्थ मला कळला. मला फार लाज वाटली. शेवटच्या दोन बादल्या मी उचलल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत अर्धं पाणी मी सांडलं. ज्योतीनं मागून फडकं मारलं.

रविवारी ज्योती आली. तीन पंचवीसला. मी आधीच बसले होते.

मी माझा कागद वाचला. चिमणीनं जे केलं ते चूक होतं हे मी बदललं नाही. हात जोडलेल्या माणसाला मारू नये, हे मी आजही म्हणेन. पण लिहिलं की ती चूक करायची वेळ तिच्यावर भानुमतीनं आणली. भानुमतीनं अभय दिलं ते दुसरीच्या झोपेतून दिलं. आणि मग ती निवांत झोपली.

ज्योतीचा कागद चार ओळींचा होता. तिनं तो मावशींच्या हातात दिला आणि वाचायला सांगितलं. मावशींनी चष्मा चढवला. "भानुमतीला झोप लागते, कारण चिमणी जागी आहे हे तिला माहीत असतं. एवढा भरवसा तिनं दुसऱ्या कोणावर टाकलेला नाही. चिमणीनं तिला कधी सांगितलं नाही की मलाही झोप येते. हा दोष भानुमतीचा धरू नये."

मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले. ज्योतीनं चमचा माझ्या हातात दिला, चिवडा खा म्हणून. बन्सल खिडकीतून बाहेर बघायला लागला. मावशींनी दोन्ही कागद टाचून घेतले आणि खोडरबर टेबलाच्या मधोमध ठेवलं. मी माझा 'भली' खोडला. ज्योतीनं तिचे दोन्ही 'मधली' खोडले.

मग मावशींनी झाकण काढलं. "नदीला पाणी कमी आहे," त्या म्हणाल्या. "पहारेकरी खाली एका खडकाला धरून आहे, जिवंत. प्रवाहात उतरायचं तर दोघींना एकाच दोराला बांधून उतरावं लागेल. एकीचा पाय सुटला तर दुसरी जाईल. शब्द आता दोघींचा. टाका फासे."

आम्ही त्याला बाहेर काढला. कसा काढला ते सांगत नाही, बन्सलनं त्यात स्वतःचं फार कौतुक घुसडलंय. कटवारियाची खोली ज्योतीनं सोडून दिली.

पण गोष्ट मावशींची आहे. त्या संध्याकाळी चहा पिताना मी एवढी हलकी झाले होते की तोंडातून निघून गेलं, "मावशी, ही पाचवी खुर्ची कोणाची?"

मला वाटलं, आता कडी उघडून मला बाहेर काढतील. पण त्या म्हणाल्या, "रूथची."

रूथ नगरकडची, त्यांच्याच सेक्शनमध्ये. अकरा वर्षं दोघींनी एका डब्यात जेवण केलं. थंडीत ऑफिससमोरच्या लॉनवर उन्हात बसून संत्री सोलली, एकमेकींचे स्वेटर विणले. एके दिवशी एक ज्युनिअर मुलगी नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलात धावली, आणि तिची रजा जाऊ नये म्हणून रूथनं हजेरीपटावर तिची सही ठोकून दिली. पकडली गेली. फाइल मावशींच्या टेबलावर आली. रूथनं त्यांना आपल्या बाजूनं उभं राहायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, फाइल माझ्याकडे आहे, मी तुझी डिफेन्स असिस्टंट होऊ शकत नाही, नियमात बसत नाही.

"आणि खरंच बसत नव्हतं," मावशी आम्हाला म्हणाल्या. "मी नोट लिहिली ती कॉमापर्यंत बरोबर होती. तिची बढती गेली. तिनं राजीनामा दिला. जाताना डब्याचा तिचा अर्धा भाग काढून घेऊन गेली. मयूर विहारला राहते. इथून चार स्टेशनं. सोळा वर्षं झाली."

मावशींपुढे आम्ही काय बोलणार? आणि मग ज्योती, जी कधी बोलत नाही ती, उठली, आणि तिनं करंड्यावर झाकण ठेवलं.

"मावशी, रूथमावशींचा बचाव तुम्ही लिहिलात?"

"मी?"

"सबसे ज़्यादा तो आपने ही लिखा था ना उनके ख़िलाफ़," ज्योती म्हणाली. "पुढच्या रविवारपर्यंत. अक्षर सुवाच्य."

मावशींनी ज्योतीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. हरकत घ्यायला त्यांच्याकडे हजार मुद्दे असतील. माणसाचं वय, मान, आपण आहोत कोण त्यांना सांगणारे. एकही मुद्दा त्यांनी काढला नाही. "ठीक आहे," म्हणाल्या. नियम त्यांचा होता आणि तो त्यांनाही लागू होता, संपलं. अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मी तर एकच पाहिलंय.

पुढच्या रविवारी बचाव आला नाही. अर्ज आला. 'विषय: मुदतवाढ मिळणेबाबत.' बन्सलनं वर 'मंज़ूर' लिहून सही केली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा अर्ज. कारण: मसुदा समाधानकारक नाही. तिसऱ्या रविवारी तिसरा अर्ज आला तेव्हा ज्योतीनं मावशींचीच लाल पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं: 'कृपया बोला.'

मावशींनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. मंगळवारी त्या मयूर विहारला गेल्या. तिथं काय झालं ते आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. मी फार खोदल्यावर एवढंच म्हणाल्या, "दार उघडलं तिनं. पाणी दिलं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, ऐकलं, आता जा."

मग थंडी पडली. रविवारमागून रविवार गेले. पाचवी वाटी मांडली जायची, तशीच डब्यात परत जायची.

डिसेंबरातल्या एका रविवारी साडेतीन वाजले आणि मावशी कडी लावायला उठल्या नाहीत. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी वहीत काहीतरी बघत होत्या, पान उलटत नव्हत्या. पावणेचार झाले. चारला दहा कमी असताना लिफ्टचं दार वाजलं आणि एक ठेंगणी बाई काठी टेकत आत आली. स्वेटर, मफलर, हातात संत्र्यांची पिशवी. तिनं खोलीभर नजर फिरवली, फ्रिजजवळच्या खुर्चीत बसली आणि पिशवी टेबलावर ठेवली. मावशींशी एक शब्द नाही; आदल्या रात्री फोनवर 'उद्या येते' एवढंच म्हणाली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

मी रूथमावशींना खेळ समजावला. त्यांनी एक म्हातारी विणकरीण निवडली. वृत्तीची नऊ घरं वाचली आणि विचारलं, "हे कोण ठरवतं?"

"शेवटी आम्ही सगळे," अमोल म्हणाला.

"मग मी कशाला लिहू," म्हणून त्यांनी पेन्सिल परत केली.

आमची टोळी गावाच्या वेशीवर पोचली. नेहमीचा पहारेकरी, नेहमीचं रजिस्टर. सूर्य मावळला की दार बंद, आणि रजिस्टरात नाव नसेल तर माणूस बाहेर. अमोलचा वैद्य एका तापकऱ्याला घेऊन मागे राहिला होता. तो पोचेपर्यंत दार लागणार. आम्ही युक्त्या काढायला लागलो. लाच, मंत्र, बन्सलचा नेहमीचा पळ काढण्याचा प्रस्ताव.

"वैद्याची सही मी करते," रूथमावशी म्हणाल्या.

त्यांनी हे मुद्दाम केलं की त्या बाईचा स्वभावच असा, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. पण आम्हा चौघांना माहीत होतं की आपण काय ऐकलंय. खोटी सही करताना पहारेकरी पकडतो की नाही, हे फाशावर ठरतं. आमच्या टेबलावर याला अपवाद कधी झाला नव्हता. मावशींनी करंडा पुढे ओढला. फासे हातात घेतले.

त्यांनी फासे परत करंड्यात टाकले आणि वर झाकण ठेवलं.

"पहारेकरी त्या वेळी दुसरीकडे बघत होता," त्या म्हणाल्या.

रूथमावशींनी चमचाभर चिवडा खाल्ला, सावकाश चावला. "बराच उशिरा बघायला लागला दुसरीकडे," त्या म्हणाल्या.

"हो," मावशी म्हणाल्या. "उशीर झाला."

खेळ पुढे चालला. वैद्य आत आला, तापकरी वाचला. शेवटी चिठ्ठ्या लिहिल्या. गोष्ट सांगणारा चिठ्ठी लिहीत नाही, पण त्या दिवशी मावशींनीही एक लिहिली आणि टेबलावरून सरकवली. रूथमावशींनी ती वाचून आमच्यापुढे मोकळी ठेवली. 'भली' एवढंच होतं. पेनानं लिहिलेलं.

रूथमावशींनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं, निम्मं मावशींच्या वाटीत ठेवलं. मफलर गुंडाळला, काठी घेतली. दारापाशी थांबून विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

"तू येशील तेव्हा," मावशी म्हणाल्या.